ठोकलं की लागतो

वस्तू दुरुस्त करायच्या आमच्या खान्देशात दोन रीती. एक म्हणजे मिस्त्रीकडे न्यायची, दुसरी म्हणजे ठोकायची. रेडिओच्या काळात डाव्या अंगानं एक थाप मारली की बंद पडलेलं गाणं पुन्हा सुरू व्हायचं. मग टीव्ही आले, त्यांनाही थापा बसल्या. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर तर लाकडी दांडक्याशिवाय धरतच नाही, अशी दोन-चार शेतं मला ठाऊक आहेत. दांडकं पेटीशेजारीच खिळ्याला टांगलेलं असतं, म्हणजे रात्री येणाऱ्या गड्याला अंधारात सापडावं. या सगळ्या कारभाराला मिळून आमच्याकडे एक वाक्य आहे: "काही नाही झालेलं त्याला, ठोकलं की लागतो."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आणि हसत आलो. एका जागी मात्र आता हसू येत नाही. मोटारसायकलच्या मोठ्या दिव्याबद्दल कोणी असं बोललं की मी त्याला बसवून घेतो आणि विचारतो, किती दिवसांपासून?

माझं गाव धुळे आणि जळगावच्या मधे, पारोळ्याच्या बाजूला. सुरतेहून नागपूरकडे जाणारा जुना ६ नंबरचा हायवे, ज्याला आता ५३ म्हणतात, तो आमच्यापासून लांब नाही. धुळ्यापासून फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी करत गिरणेचा पूल ओलांडला की जळगाव. सगळा मिळून ९० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. फागणे ते तरसोद या टप्प्याचं चौपदरीकरण किती वर्षं चाललं ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. त्या काळात रस्त्याला वळणं, वळणांना खड्डे आणि खड्ड्यांवर धूळ. त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या गाड्यांचे नटबोल्ट आणि वायरी सैल झाल्या नसत्या तरच नवल.

शहरातले पाहुणे विचारतात, की तुम्ही लोक रात्रीचे फिरताच कशाला? हौस म्हणून कोण फिरतं! शेतीच्या फीडरची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की बारा वाजता उठून मोटार चालू करायला जावं लागतं. भाजीवाल्याला पहाटे बाजार गाठायचा असतो. दूधवाल्याला उजाडायच्या आत डेअरी. धुळ्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं पाळी सुटल्यावर निघतात, तोवर गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. या सगळ्यांच्या बुडाखाली एक मोटारसायकल आणि पुढे एक दिवा. कायद्यानं सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं दिवा लागलाच पाहिजे. शेतकऱ्याला कायदा माहीत नसला तरी गरज माहीत असते.

आता दिवा दोन तऱ्हांनी बिघडतो. एक तर पुरता जातो. बल्ब उडाला, फ्यूज गेला, काम खलास. असा दिवा गेलेला माणूस काय करतो? थांबतो. गाडी ढकलत नेतो, नाहीतर कोणाच्या तरी मागे मागे, त्याच्या उजेडात हळूहळू गाव गाठतो. दुसऱ्या दिवशी पहिलं काम म्हणजे मिस्त्री. दुसरी तऱ्हा म्हणजे दिवा लुकलुकतो. खड्ड्यात गेला, पुढे आला. वळणावर गेला, सरळ रस्त्याला आला. असा माणूस थांबत नाही. तो डाव्या हातानं क्लच सोडून डूमवर एक चापट मारतो, दिवा येतो, तो पुढे जातो. महिना-महिना जातो. मी तर सहा-सहा महिने चापट मारत फिरलेले लोक पाहिलेत. चापट मारायची सवय इतकी अंगात मुरते, की दिवा चालू असताना सुद्धा हात आपोआप तिकडे जातो.

याचं कारण मला फाट्यावरच्या मिस्त्रीच्या टपरीवर बसून बसून कळलं. सगळा रस्ता त्यांना चाचा म्हणतो. वय माझ्याच आसपास, चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. त्यांची खासियत अशी, की ते आधी पान्हा हातात घेत नाहीत. आधी विचारतात. दिवा कधी जातो? रेस कमी केल्यावर, की खड्ड्यात आपटल्यावर, की हँडल वळवल्यावर? एकटा जातो, की हॉर्न, सिग्नल, मागचा लाल दिवा, सगळे मिळून जातात? कोणी उत्तर दिलं, "चाचा, असाच जातो कधीपण," तर ते म्हणतात, "असाच काही जात नाही भाऊ. जा, एक चक्कर मारून ये आणि बघून ये."

लोक चिडतात. त्यांना वाटतं मिस्त्रीनं गाडी पाहिल्याबरोबर सांगावं, जसं काही डॉक्टरकडे गेल्याबरोबर सुई मागतात. पण त्या चार प्रश्नांत अर्धं काम होतं. सगळेच दिवे एकदम मिचकावत असतील तर खोट मुळाकडे: बॅटरीचं टर्मिनल सैल किंवा पांढरं बुरसटलेलं, फ्यूजची चिमटी ढिली, नाहीतर चावीचा स्विच घासलेला. रेस वाढवली की दिवा भगभगीत होतो आणि बल्ब मागून बल्ब उडतात, तर रेक्टिफायर. चाचा मीटर लावून दाखवतात. धडधाकट बॅटरी उभ्या गाडीवर साडेबाराच्या वर आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट दाखवते, काटा पंधराच्या पुढे गेला की समजायचं बॅटरी उकळतेय. एकटा मोठा दिवाच जात असेल तर बल्बचा होल्डर, डिपरचं बटण, किंवा मग अर्थिंग.

अर्थिंग हे प्रकरण मला फार आवडतं. मी १९७६ साली दहावीला होतो तेव्हा विज्ञानाच्या गुरुजींनी फळ्यावर बॅटरी आणि बल्ब काढून सांगितलं होतं, की वीज निघाली तिथं परत पोचली पाहिजे, नाहीतर ती निघतच नाही. मोटारसायकलीत दिव्याकडे जायला वायर असते, पण परत येताना वीज थोडी वायरीतून आणि पुढे गाडीच्या लोखंडी अंगातून येते. लोक जाण्याची वाट तपासतात. बल्ब नवा घालतात, बटण नवं घालतात. परतीची वाट कोणी बघत नाही. चाचा एक हातभर वायर घेतात, एक टोक बल्बच्या अर्थला लावतात, दुसरं इंजिनाच्या उघड्या बोल्टला टेकवतात. दिवा स्थिर झाला की चोर सापडला. मग तिथला रंग आणि गंज खरवडून नट आवळायचा. या दुरुस्तीला सामान लागतच नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाला पैसे देताना जड जातं, ही निराळी तक्रार चाचांची आहे.

आमच्याकडच्या गाड्यांना आणखी दोन रोग आहेत. एक उंदीर. गाडी रात्री कपाशीच्या खोलीत लावतात, आणि उंदरांना वायरीवरचं प्लास्टिक का आवडतं देव जाणे. दुसरा युरिया. टाकीवर आणि मागच्या सीटवर गोण्या वाहून वाहून खताचे दाणे फटीत पडतात, ओल धरतात, आणि जोडाजोडाचं तांबं हिरवं पडतं.

पण सगळ्यात फसवी खोट हँडलच्या मानेपाशी असते. सगळ्या वायरींचा जुडगा तिथून वळून पुढे दिव्यात जातो. हँडल दिवसातून शेकडो वेळा डावीकडे-उजवीकडे होतं, आणि प्रत्येक वेळी तो जुडगा मुडपतो. वायरीच्या आत तांब्याचे बारीक केस असतात, ते एकेक करून तुटतात. वरचं प्लास्टिक मात्र जसंच्या तसं. बघणाऱ्याला वायर धडधाकट दिसते. शेवटी आत दोनच केस राहतात, तेही तुटतात, आणि तुटलेली टोकं एकमेकांना नुसती टेकून असतात. हँडल सरळ असलं की टेकतात, वळलं की सुटतात. चाचा काय करतात, तर एकेक वायर दोन चिमटींत धरून हलकेच ताणतात. आतून शाबूत असलेली वायर ताणत नाही. आतून तुटलेली रबरासारखी लांबते. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. कितीतरी माणसं आठवली.

मग चापटीनं काय होतं? तुटलेली टोकं हादऱ्यानं पुन्हा भेटतात, एवढंच. आणि प्रत्येक भेटीला बारीक ठिणगी उडते, टोकं जळतात, काळी पडतात. पुढच्या वेळी त्याच कामाला जास्त जोराची चापट लागते. ज्याला आपण उपाय म्हणतो तो रोग वाढवत असतो, आणि तरी तो दर वेळी लागू पडतो. माणूस फसतो तो इथंच. लागू पडला नसता तर दुसऱ्याच दिवशी गाडी टपरीवर आली असती.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर तरुण वाचक मला धरतील. दिवा कमीजास्त होणं म्हणजे दर वेळी खोट नसते. आमच्या तरुणपणी राजदूत, येझदी होत्या. त्या काळच्या बऱ्याच गाड्या सहा व्होल्टच्या, दिवा पिवळा, एखाद्या म्हाताऱ्याच्या नजरेसारखा. १९८५ साली हिरो होंडाची सीडी हंड्रेड आली तेव्हा गावात कौतुकानं गर्दी झाली होती. या जुन्या गाड्यांपैकी अनेकींचा मोठा दिवा बॅटरीवर नसून थेट इंजिनाच्या कॉइलवर चालायचा. रेस दिली की उजळ, सोडली की मंद. सायकलच्या डायनामोचं तसंच. पाय थांबले की दिवा थांबला. तो त्या गाडीचा स्वभाव होता. चालवणारा तो धरून चालायचा, उतारावर, वळणावर गिअर पाडून रेस राखायचा. समोरून येणाऱ्यालाही त्या मंद दिव्याची ओळख होती. स्वभाव आणि खोट यांत फरक करता आला पाहिजे. स्वभाव सांभाळून घ्यायचा असतो, आणि खोटीला स्वभाव म्हणायला लागलं की तिथून पुढे घात आहे.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते सांगतो.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. कपाशी वेचणीचे दिवस, सांज लवकर पडायची. आमच्या गावातला एक म्हातारा सालदार डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन फाट्याजवळ रस्ता ओलांडत होता. तिकडून गावचंच एक पोरगं धुळ्याहून कामावरून येत होतं. बाप नसलेलं, सरळ, कसलंही व्यसन नाही. गाडी फार जोरात नव्हती. म्हाताऱ्याला धडक बसली. मांडीचं हाड मोडलं, धुळ्याच्या दवाखान्यात सळई टाकावी लागली. गाडीचा विमा संपलेला होता, म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी ठरवलं की गावात बसून मिटवू. मारुतीच्या पारावर बैठक झाली. पाच जणांत मी एक.

प्रश्न साधा वाटत होता. म्हातारा म्हणाला, मी दोन्ही बाजूंना पाहिलं, दिवा नव्हता, म्हणून पाऊल टाकलं. पोरगा म्हणाला, आईची शपथ, दिवा चालू होता, मला हे बाबा उजेडातच दिसले, पण फार जवळ. बैठकीत दोन तट पडले. कोणी म्हणे म्हाताऱ्याला दिसत नाही, कोणी म्हणे पोरगा खोटं बोलतोय. तासभर तेच. "दिवा होता." "नव्हता." शेवटी कोणीतरी चाचांना बोलावलं.

चाचांनी गाडी सुरू करायला लावली. दिवा लख्ख. पोराच्या बाजूचे लोक लगेच उठून उभे राहिले. चाचांनी हँडल हळूच डावीकडे नेलं. दिवा गेला. सरळ केलं, आला. पुन्हा नेलं, गेला. फाट्याजवळ रस्ता डावीकडेच वळतो.

दोघंही खरं बोलत होते. म्हाताऱ्यानं पाहिलं तेव्हा दिवा नव्हता. पोरानं पाहिलं तेव्हा होता. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. दोन सेकंद दिवा गेला की गाडी २२ मीटर पुढे आलेली असते, आणि रस्त्यावर उभ्या माणसाच्या लेखी ती कुठूनच आलेली नसते. पार अंधारात गाडी येत असती तर निदान पोरगा हळू आला असता. पूर्ण दिवा असता तर म्हातारा थांबला असता. त्या मधल्या अवस्थेनं दोघांनाही धीर दिला, एकाला येण्याचा, दुसऱ्याला ओलांडण्याचा.

बैठकीत शांतता झाली. मग मी त्या पोराला विचारलं, "बाबू, दिवा जातो हे तुला ठाऊक होतं?"

तो खाली बघत म्हणाला, "ठोकलं की लागायचा, काका."

त्यानंतर कोणाला काही विचारायचं राहिलं नाही. दिवा होता की नव्हता, हा प्रश्नच आम्ही तासभर चुकीचा धरून बसलो होतो. दिवा जातो हे एकाला ठाऊक होतं आणि दुसऱ्याला नव्हतं, प्रश्न हा होता.

म्हाताऱ्याचं म्हणणं शेवटी विचारलं. तो बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला, "पोऱ्या पयना नही. थांबना." पोरगा पळाला नाही, थांबला. एवढंच. दवाखान्याचा खर्च आणि म्हातारा चालू लागेपर्यंतची मजुरी पोरानं हप्त्यानं द्यायची, असं ठरलं. ती त्यानं दिली. निवाडा बरोबर होता का, मला आजही नीटसं सांगता येत नाही. पोराची कमाई त्या हप्त्यांत वर्षभर गेली, आणि म्हाताऱ्याचा पाय लंगडा राहिला तो राहिलाच.

या गोष्टीनंतर बरेच दिवस मला एका कीर्तनातला दाखला आठवत होता. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिथं ऐकलेला. दोरीवर सापाचा भास होतो, तो वेदान्तातला प्रसिद्ध दाखला. अमळनेर तसं तत्त्वज्ञानाचं गाव. प्रताप शेठजींनी १९१६ साली तिथं तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, लांबलांबचे विद्वान येऊन तिथं वेदान्त अभ्यासत. मी काही त्यांच्यातला नाही. पण शेतकरी म्हणून माझ्या मनात आलं, की दोरीचा साप होतो तो कधी? भर दुपारी होत नाही, दोरी दोरीच दिसते. काळ्याकुट्ट अंधारातही होत नाही, कारण तिथं काहीच दिसत नाही. साप व्हायला थोडा उजेड लागतो. भ्रमाला अर्धवट उजेडच पाहिजे. बुवांनी ही बाजू सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर मला डुलकी लागली असेल.

घरी मी हे सगळं जेवताना बोलून दाखवलं. आमच्या घरच्या लक्ष्मीनं भाकरी थापता थापता मला अडवलं. म्हणाली, "मोठे सांगणारे! शेतकऱ्याचं काय भरवशाचं असतं? पाऊस लुकलुकतो, भाव लुकलुकतो, लाईट लुकलुकते. पावसाला तर ठोकतासुद्धा येत नाही. तरी तुम्ही पेरता ना?"

मला उत्तर सुचलं नाही. तिचं बरोबरच होतं. मृगाच्या दोन सरींवर आम्ही पेरतो, मग वीस दिवस आभाळ कोरडं, दुबार पेरणी. तरी पुढच्या साली पुन्हा पेरतो. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला जायचे, आणि संध्याकाळी येऊन पहिल्यांदा आभाळाकडे बघायचे. अधूनमधून येणाऱ्या गोष्टीवर भरवसा टाकायचा नाही असं ठरवलं असतं, तर या मुलखात शेती केव्हाच बंद पडली असती. मग पोराचं काय चुकलं? त्यानंही दिव्यावर तसाच भरवसा टाकला.

पहिल्यांदा मी स्वतःला असं समजावलं, की पेरणीत जोखीम माझी असते, रस्त्यावर दुसऱ्याची. पण ते काही टिकलं नाही. बियाण्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडतात, कर्ज बुडालं की पोरांची शाळा सुटते. माझ्या पेरणीच्या मागच्या सीटवर सगळं घर बसलेलं असतं. जोखीम कधी एकट्याची नसतेच.

मग हळूहळू फरक दिसला तो असा. पाऊस लुकलुकतो हे माझ्या बायकोला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पाटल्या काढून देताना तिनं आभाळ पाहिलेलं असतं, ती मला दोन शब्द सुनावतेही. सालदाराला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं. आणि पाऊस दुरुस्त करणं माझ्या हातात नाही, वायर दुरुस्त करणं पोराच्या हातात होतं. ज्या लुकलुकीवर माझा इलाज नाही आणि जी सगळ्यांना दिसते, तिच्यावर जगणं ही लाचारी म्हणा, हिंमत म्हणा. पण जी मला एकट्यालाच ठाऊक आहे आणि जिच्यावर इलाज आहे, ती अंगावर वागवत चारचौघांत फिरणं हे काही तरी वेगळं आहे. त्याला खोटं बोलणं म्हणता येत नाही, कारण माणूस काही बोललेलाच नसतो.

जनावरांच्या बाजारात जुन्या लोकांनी याचा विचार केलेला होता. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. जनावरांच्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून सौदे चालायचे, भाव कोणालाच कळायचा नाही. पण जनावराची खोड उघड सांगावी अशी रीत होती. लाथ मारतं, बुजतं, औताला बसतं, हे विकणाऱ्यानं सांगायचं. भाव झाकलेला चालेल, खोड झाकलेली चालणार नाही. सगळे सांगायचे असं मी म्हणत नाही. न सांगणाऱ्याला पुढच्या बाजारात लोक ओळखून असायचे, एवढं मात्र पाहिलंय.

गरिबीचं कारण लोक देतात, तेही खोडून काढण्यासारखं नाही. वायर जोडायला पैसे थोडे लागतात, पण गाडी अर्धा दिवस टपरीवर ठेवावी लागते, आणि कंपनीतल्या रोजंदारीच्या पोराला अर्धा दिवस म्हणजे अर्धा रोज. शिवाय दिवसा दिवा लागतच नसतो, त्यामुळे दिवसा त्याची आठवण होत नाही. आणि रात्री आठवण होते तेव्हा टपरी बंद. हे इतकं साधं कारण आहे, की याच्यावर उपदेश करायला जीभ उचलत नाही.

सरकारनं यातला एक भाग सोडवला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नाही. सुरुवातीला गावोगाव गंमत चालली होती. समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं उघडमीट करून खूण करायचा, "लाईट चालू आहे!" बायामाणसंसुद्धा ओट्यावरून ओरडून सांगायची. मला ती खूण फार आवडायची. ओळख ना पाळख, पण दुसऱ्याच्या दिव्याची काळजी. उजेड स्वतःला दिसण्यासाठी असतो तितकाच दुसऱ्याला आपण दिसावं म्हणूनही असतो, हे मात्र त्या नियमामागचं कारण लोकांच्या लवकर ध्यानात आलं नाही. आता पोरं बाजारातून पांढरे एलईडी आणून जुन्या गाड्यांना लावतात. कॉइलवर चालणाऱ्या गाडीला नुसता एलईडी लावला तर तो थरथरतो. जुन्या बल्बची तार तापलेली असते, वीज क्षणभर कमी झाली तरी ती उजळ राहते, एलईडीला तेवढी ऊब धरून ठेवता येत नाही. आणि स्थिर लागला तर समोरच्याच्या डोळ्यांत भाला घातल्यासारखा लागतो. त्यावर लिहायचं तर दुसरा लेख होईल.

चाचांची एक सवय मात्र सांगायची राहिली. दिव्याचं काम केलेली गाडी ते दुपारी हातात देत नाहीत. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी, "दिवेलागणीला ये." संध्याकाळी टपरीतला बल्ब बंद करतात, मालकाला गाडीवर बसवतात, इंजिन चालू करायला लावतात, आणि स्वतः रस्त्यावर पन्नास-साठ पावलं चालत जाऊन गाडीकडे तोंड करून उभे राहतात. तिथून हात वर करून सांगतात, डावीकडे घे, उजवीकडे घे, रेस दे, रेस सोड, ब्रेक मार. मग मागच्या बाजूला जाऊन तेच. मागच्या दिवाळीत मी टपरीवर बसलो होतो, त्या सालदाराचा नातू त्याची गाडी घेऊन आला होता. चाचा अंधारात उभे होते, आणि टपरीच्या बाकड्यावर काठी टेकून म्हातारा बसला होता. नातवानं हँडल वळवलं. चाचांनी विचारायच्या आधी म्हाताराच तिकडून ओरडला, "दिखस रे, दिखस! आते दुसरीकडे फिराव."